पहिल्या तेलाचा मान

वडवणीच्या शाळेचा फळा बुधवारी दुपारी बीडहून बैलगाडीने आला. चार हात लांब, अडीच हात रुंद, दोन माणसांनी उचलावा इतका जड, आणि कडब्यात असा गुंडाळलेला की गाडीवान वैरणच घेऊन आला आहे असं लोकांना वाटलं. शाळा महादेवाच्या देवळाच्या ओवरीत भरत असे. तिथल्या दगडी भिंतीला फळा टेकवला तेव्हा चाळीस पोरं, त्यांचे बाप आणि पाण्याला निघालेल्या बाया सगळेच बघत राहिले. इतकं मोठं, इतकं सपाट आणि इतकं काळं असं काही गावाने आजवर पाहिलं नव्हतं.

फळ्याबरोबर खडू होते आणि तालीमात खात्याचा, म्हणजे शिक्षणखात्याचा, कागद होता. कल्याणराव मास्तरांनी तो उर्दूतून वाचला आणि मराठीत सांगितला. हैदराबादेत आता युनिव्हर्सिटी निघाली होती. तिथल्या वर्गांत भिंतभर फळे होते. तिथवर जाऊ पाहणाऱ्या पोरांनी लाल मातीत बोटं फिरवत बसू नये, असं सरकारचं म्हणणं होतं. म्हणून धूळपाट्या आजपासून बंद. पाटीवरची माती टाकून द्यावी, लाकूड घरी न्यावं. शनिवारी मोहतमीम साहेब, म्हणजे जिल्ह्याच्या शाळा तपासणारे अधिकारी, स्वतः येऊन फळ्यावरचा एक धडा पाहतील. धडा नीट झाला तर फळा वडवणीचा, नाही झाला तर शेजारच्या दिंद्रुडचा.

"दिंद्रुड कावून आलं मधीच?" सुंदरराव पाटलांनी विचारलं.

"त्यांनी बी अर्ज केलता, पाटील."

"मग नुसतं अर्जावर खूश ऱ्हावा म्हनावं. फळा आपला हाय."

माती त्याच संध्याकाळी पाटलांच्या बांधावर गेली. पाट्या घरोघरी गेल्या आणि रांजणांवर झाकणं म्हणून बसल्या. मागे फिरायची वाट अशी एका संध्याकाळी बंद झाली. त्या वेळी ती कुणाला नकोच होती.

मास्तरांना तर मुळीच नको होती. अकरा वर्षं ते एका पोरापासून दुसऱ्या पोरापर्यंत उकिडवे सरकत आले होते. एक अक्षर शिकवायचं तर ते चाळीस पाट्यांवर चाळीस वेळा काढावं लागे, आणि चाळिसाव्या पोरापाशी पोहोचेतो पहिल्या पोराने त्यावर फुंकर मारलेली असे. आता अक्षर एकदा काढायचं होतं आणि चाळीस जणांनी ते एकाच वेळी पाहायचं होतं. शिवाय ते उभं राहून काढायचं होतं. मास्तरांच्या गुडघ्यांना ही बातमी त्यांच्या आधी कळली असावी, कारण त्या रात्री ते पहिल्यांदा न कण्हता झोपले.

गुरुवारी बाजारात त्यांना दिंद्रुडचे राधाकिशन मास्तर भेटले.

"फळा आला म्हनं तुमच्याकडं," राधाकिशन म्हणाले.

"आलाय. शनिवारी बघायला या की. साहेबासमोर धडा हाय माझा."

"येतो तर. गाडी घेऊनच येतो."

"एकल्या मानसाला गाडी कशाला?"

"जाताना लागंल की," राधाकिशन गोड हसून म्हणाले. "रिकामीच आनतो."

मास्तर घरी आले ते हा शब्द चघळतच. शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी होती. त्यांनी दिवसभर घरात बसून भिंतीवर बोटाने धडा गिरवला.

इकडे देवळात वेगळंच काम चाललं होतं.

देवळाच्या मागच्या भिंतीला लागून गुरुलिंग तेल्याचा घाणा होता. गुरुलिंगाच्या बायकोला, बसम्माला, सारं गाव आक्का म्हणे. देवळात काही नवं आलं, मग ती दाराची फळी असो, पालखीचा दांडा असो की नंदीपुढचा चौरंग असो, त्याला पहिलं तेल लावायचा मान त्यांच्या घराचा होता. तो आजेसासऱ्यापासून चालत आलेला होता आणि त्यात आजवर एकदाही खंड पडला नव्हता. फळा देवळात आला होता. तो नवा होता आणि लाकडाचा होता. बसम्माच्या विचारात कुठेच चूक नव्हती.

"दोन दिस झाले," ती नवऱ्याला म्हणाली, "फळा तसाच कोरडा हुबा हाय. चकाकी न्हाई, काई न्हाई. कुणी तेलाचं नाव बी काढंना."

"मास्तरला इचारलंस का?"

"मान माजा. इचारू कुनाला?"

चाळीस वर्षांच्या संसारात गुरुलिंगाने बसम्माला तेलाविषयी काही शिकवायचा प्रयत्न एकदाच केला होता.

तिने त्याच दिवशी घाण्यातून उतरलेलं करडीचं तेल घेतलं, दीड शेर. तळहाताने, वरून खाली, लाकडाच्या रेषेच्या दिशेने तिने पहिला हात दिला. तो लाकडाने पिऊन टाकला. दुसराही पिऊन टाकला. तिसऱ्या हाताला मात्र फळा तृप्त झाला आणि चमकू लागला. बसम्मा दोन पावलं मागे सरली. मग चार पावलं मागे सरली. असं सुरेख काम आपल्या हातून पालखीच्या दांड्यालाही झालं नव्हतं, असं तिला वाटलं.

शनिवारी सकाळी मास्तर ओवरीत आले आणि त्यांना फळ्यात स्वतःचा फेटा दिसला. प्रथम त्यांना अभिमानच वाटला. मग त्यांनी खडू उचलला.

खडूने फळ्यावर काहीच खूण सोडली नाही. मास्तरांनी जोर दिला तेव्हा खडू मोडला. दुसऱ्या खडूने तेल ओढून घेतलं आणि तो मेणासारखा मऊ होऊन बोटांना चिकटला. तिसरा खडू त्यांनी लावूनच पाहिला नाही. ते खाली बसले.

एवढ्यात आपलं काम कसं दिसतंय ते पाहायला बसम्मा आली.

"कसा दिसतुया, मास्तर?"

"आक्का, हे तुमी केलं?"

"मग? दुसऱ्या कुनाचा मान हाय?"

"आक्का, ह्याच्यावर लिवायचं असतंय!"

"लिवा की. मी कुटं न्हाई म्हनले?"

मास्तरांनी तिच्यासमोर फळ्यावर खडू ओढून दाखवला. बसम्माने पाहिलं, खडू हातात घेतला, स्वतः ओढून पाहिला. मग तिने तो परत दिला.

"खडू खराब हाय," ती म्हणाली. पण आवाज उतरला होता.

साहेब यायला दोन तासही नव्हते. मास्तरांनी ओल्या फडक्याने फळा पुसला, तेल जागचं हललं नाही. बसम्माने राख आणून घासली. तेल थोडं निघालं, पण राखेबरोबर काळा रंगही निघू लागला, तेव्हा मास्तरांनी तिचा हातच धरला. मग दोघांनी आणि गुरुलिंगाने मिळून फळा उचलून अंगणात उन्हात आडवा ठेवला. घटकाभरात लाकडाने आत मुरवून ठेवलेलं तेलही थेंबाथेंबाने वर येऊन चमकू लागलं.

"उन्हात ठिवल्यावर वर येनारच ते," गुरुलिंग म्हणाला. "करडी तापली की तेल सुटतंय. आमी दुसरं करतो काय रोज?"

"हे आधी सांगायचं होतं, गुरुलिंगभाऊ."

"मला कुनी इचारलं?"

"अवं, गप बसा," बसम्मा म्हणाली. ती उकिडवी बसून फळ्याकडे पाहत होती. "तेल प्यायला कोरडं कायतरी पायजे. पीठ. पीठ लई तेल पितंय."

ती घरी गेली आणि जोंधळ्याचं पायलीभर पीठ व चाळण घेऊन आली. तिने फळ्यावर कडेपासून कडेपर्यंत बारीक पीठ चाळलं. काळा फळा पांढरा झाला. आता पिठाने तेल प्यावं आणि मग ते झटकून टाकावं, असं ठरलं.

तेवढ्यात सुंदरराव पाटील धापा टाकत आले.

"मास्तर! साहेबाचा टांगा पांदीत आला. आन म्होरं दिंद्रुडची गाडी. रिकामी! वर सतरंजी बी हातरलीय, फळ्याला टोचू नये म्हनून!" मग त्यांची नजर अंगणात गेली. "हे काय? फळा कुटं हाय?"

"हाच फळा हाय."

पाटलांनी पिठाकडे पाहिलं, चाळणीकडे पाहिलं, बसम्माकडे पाहिलं. तीस वर्षांच्या पाटीलकीत त्यांनी साहेबलोकांपुढे बऱ्याच गोष्टी झाकल्या होत्या, पण ही चार हात लांब होती.

"किती येळ लागंल?"

"अर्धा घंटा तर लागंलच."

"मी बारव दाखवतो त्यास्नी," पाटील म्हणाले. "बारव झाली की माजे बैल. बैल झाले की जेवन." आणि ते फेटा सावरत पांदीकडे पळाले.

मास्तर, गुरुलिंग आणि बसम्मा देवळाच्या पायरीवर बसून पीठ तेल कधी पितंय याची वाट पाहू लागले. घाणा आज बंद होता. घाण्याच्या बैलाला, मंगळ्याला, दाव्याने नीट बांधायचं सकाळच्या गडबडीत राहून गेलं होतं. तो आपल्या पायाने देवळामागून आला, अंगणात त्याला करडीच्या तेलात कालवलेलं जोंधळ्याचं पीठ ताटात वाढल्यासारखं दिसलं आणि त्याने जीभ लावली.

"हट! हट, मुडद्या!" बसम्मा ओरडत धावली. गुरुलिंगाने शिंगाला धरून बैल मागे ओढला. तोवर मंगळ्याने वरपासून खालपर्यंत एक सणसणीत जीभ फिरवून घेतली होती.

मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. ते फळ्याकडे पाहत होते. पांढऱ्या पिठात बैलाच्या जिभेचा काळा पट्टा उमटला होता. त्याच्या दोन्ही कडा स्वच्छ होत्या. तो पायरीवरून दिसत होता. खडूची रेघ त्यांनी बुधवारी काढून पाहिली होती, ती याच्या निम्मीही ठळक नव्हती.

ते उठले, फळ्याजवळ गेले आणि बोटाने त्यांनी पिठात एक 'प' काढला.

"आक्का," ते हळूच म्हणाले, "फळा हुबा करा बरं. बघू पीठ गळतंय का."

तिघांनी फळा उभा केला. वरचं सैल पीठ भुरभुर खाली पडलं. तेलाला धरलेला पातळ थर मात्र राहिला, आणि 'प' जागच्या जागी राहिला.

"आन पुसायचं कसं?" गुरुलिंगाने विचारलं.

बसम्माने पदराच्या टोकात मूठभर पीठ घेतलं, त्याची पुरचुंडी बांधली आणि 'प'वर हलकेच तीन वेळा थापली. 'प' नाहीसा झाला.

"असं," ती म्हणाली.

मोहतमीम साहेब ओवरीत आले तेव्हा त्यांनी बारव पाहिली होती, पाटलांचे सहा बैल नावानिशी पाहिले होते आणि तीन भाकरी खाल्ल्या होत्या. उंच, सुकलेले, काटेकोर गृहस्थ. काळी शेरवानी, चष्मा, हातात छत्री. त्यांच्या मागे राधाकिशन मास्तर होते. साहेबांना मराठी वाचता येत होतं, बोलताना मात्र ते आपल्याच भाषेत बोलत.

"चलिये मास्टर साहब. शुरू कीजिये."

मास्तर उभे राहिले. त्यांनी बोट उचललं आणि हातभर उंचीची अक्षरं काढली: पाणी. पोरं एका आवाजात ओरडली, "पाणी!" बसम्माने खांबाआडून हात लांब करून पुरचुंडी थापली. मास्तरांनी 'राणी' काढलं. पोरं ओरडली. पुरचुंडी. 'वाणी.' एक अक्षर एकदाच, आणि चाळीस तोंडं एकदम. मास्तरांचा आवाज चढला, पाठ ताठ झाली. साहेब उठले आणि मागे मागे जात ओवरीच्या शेवटच्या खांबापर्यंत गेले. तिथून त्यांनी चष्मा काढून वाचलं. मग लावून वाचलं.

"साहेब," राधाकिशन पुढे होत म्हणाले, "एक अर्ज हाय. खडू कुटं हाय? फळा खडूनं चालवायचा असा कागद हाय. हे तर बोटानं चाललंय. धूळपाटीच हाय ही, नुसती भितीला हुबी केलेली!"

बोलणं अगदी खरं होतं.

साहेब सावकाश फळ्यापाशी आले. त्यांनी फळ्यावर बोट टेकवलं, बोटाला बोट चोळलं, वास घेतला.

"ये तो तेल है." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "बोर्ड को तेल किसने लगाया?"

पाटील छताकडे पाहू लागले. मास्तरांच्या मनात एक क्षण विचार येऊन गेला, की खांबाआड कोण आहे हे साहेबांना दिसलेलं नाही, आणि हा शोध आहे की गुन्हा तेही अजून ठरलेलं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी ते आपल्या एकट्याचं नव्हे, असं त्यांना वाटलं.

"लिहिलं मी, साहेब," ते म्हणाले. "तेल ह्या आक्कांनी लावलं."

बसम्मा खांबाआडून पुढे आली. पदर डोक्यावर, हातात पुरचुंडी. शाळा चालू असताना ओवरीत उभी राहिलेली ती पहिलीच बाई.

"मीच लावलं," ती म्हणाली. "दीड शेर. तीन हात."

"क्यों?"

"क्यों म्हंजी? लाकूड हाय ते, साहेब. हितलं ऊन तुमाला म्हाईत न्हाई का? चैत लागला की कोरडं लाकूड तडतड वाजतंय. सांधे उघडे पडतेत. तेल पाजलं की लाकूड उन्हाला जुमानत न्हाई. आमच्या घाण्याची लाकडी लाट बघा, साठ वर्सांची हाय. केसाएवढी भेग दाखवा."

साहेब फळ्याच्या कडेला वाकले. तीन फळ्या जोडून तो केलेला होता. पहिल्या सांध्यात त्यांनी नख घालून पाहिलं. नख गेलं नाही. दुसऱ्या सांध्यातही गेलं नाही. ते सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा तीन भाकरींनंतरही झाला नव्हता इतका प्रसन्न होता.

"छह बोर्ड," ते म्हणाले. "छह बोर्ड मैंने पिछले साल इस ज़िले में भेजे. छहों फट गये. एक में तो मेरी छड़ी आरपार जाती है. हैदराबाद से हर महीने ख़त आता है, क्यों फटे, क्यों फटे. मैं क्या लिखूँ?" त्यांनी बसम्माकडे पाहिलं. "अब लिखूँगा. और चाक का क्या करें, अम्मा?"

"ते खडू व्हय? दारापुढं रांगोळीला बरे हायेत."

साहेब मोठ्याने हसले. साहेबांना हसताना राधाकिशन मास्तरांनी यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि आज पाहूनही त्यांना आनंद झाला नाही. फळा वडवणीचा झाला. पाटील राधाकिशनांना गाडीपर्यंत पोचवायला स्वतः गेले.

"मास्तर, गाडी रिकामी कावून नेताव?" पाटील म्हणाले. "फळा ज्यात आला तो कडबा हाय की. तेवढा घाला."

त्यानंतर मास्तर रोज उभे राहून शिकवू लागले. पिठाला मुंग्या लागायला लागल्या, म्हणून बसम्माने शेणाच्या गोवऱ्यांची पांढरी राख वस्त्रगाळ करून द्यायला सुरुवात केली. राख पिठापेक्षा बारीक होती आणि मंगळ्याला आवडत नव्हती.

पंधरा दिवसांनी खात्याचा कागद आला. मास्तरांनी तो पारावर, गावासमोर उघडला. कोट त्यांनी आदल्या दिवशीच झटकून ठेवला होता, कारण जिल्ह्याच्या सगळ्या मास्तरांना बीडला बोलावून तेलाच्या फळ्याची रीत शिकवायची, अशी बातमी टांगेवाल्याने आणलीच होती.

"वडवणीचा फळा बीडला पाठवावा," मास्तर वाचू लागले. "आणि रीत शिकवण्यासाठी वडवणीहून उस्ताद म्हणून..." ते थांबले. पुढची ओळ त्यांनी मनात वाचली. मग छाती भरून, आधीपेक्षा मोठ्या आवाजात ती वाचली. "उस्ताद म्हणून बसम्मा, जौजे गुरुलिंग तेली, यांस पाठवावं. अक्षर काढण्याकरिता मास्तरांनी सोबत यावं."

गुरुलिंगाने डोक्यावरची टोपी काढली आणि उगाच पुन्हा घातली.

"फळा बीडला जानार?" बसम्मा म्हणाली. बाकीचं तिने ऐकलंच नव्हतं. "आन माघारी आला न्हाई तर? तितून दिंद्रुडला गेला तर?"

"सरकारी कागद हाय, आक्का."

"आसंल. फळा जाईल तितं मी जाईन, आन मी येईन तवाच फळा यील."

ती गेली. दीड दिवसाच्या वाटेत ती गाडीत फळ्याला पाठ टेकून बसली आणि नाल्यातून उतरताना प्रत्येक वेळी तिने एक हात मागे नेऊन तो धरला. बीडच्या शाळेच्या मोठ्या दालनात एकतीस मास्तर सतरंजीवर बसले होते, कोट घालून, मांडीवर कागद घेऊन. बसम्माला अक्षर येत नव्हतं. तिने पदर खोचला, तेलाची बुधली काढली, तळहात तेलात बुडवला आणि दालनावर एक नजर फिरवली.

"दिंद्रुडचं कोन हाय?" तिने विचारलं.

राधाकिशन मास्तर पहिल्या रांगेतून अर्धवट उठले.

"तुमी शेवटच्या रांगंत जावा, मास्तर," ती म्हणाली. "तितून दिसतंय का न्हाई, ते तुमच्याच तोंडून साऱ्यास्नी कळू द्या."